सप्तमीचे सोबती

पौष वद्य सप्तमीला हिवरा आश्रमात पंगत बसते. बुलढाणा जिल्ह्याच्या मेहकर तालुक्यातलं हे गाव. शुकदास महाराजांनी साठच्या दशकात इथे विवेकानंद आश्रम उभा केला आणि पुढे आश्रम गावाच्या नावातच जाऊन बसला. स्वामी विवेकानंदांची जयंती देशभर १२ जानेवारीला होते; इथे ती तिथीनं करतात. तीन दिवसांचा उत्सव, आणि शेवटच्या दिवशी पुरी व वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद. लाखाच्या वर माणसं मोकळ्या रानात रांगा धरून एका वेळी जेवायला बसतात. एवढ्या पंगतीला पायी फिरणारे वाढपी पुरत नाहीत, म्हणून रांगांच्या मधून ट्रॅक्टर फिरतात. ट्रॉलीत पुऱ्या आणि भाजी, बरोबर वाढणारी तरुण पोरं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत एकर, क्विंटल आणि ट्रॅक्टर यांचे आकडे छापून येतात. त्यांचं अप्रूप मलाही आहे. पण माझं लक्ष जातं ते पंगतीच्या आधीच्या दिवसांकडे. लाखभर माणसांच्या पुऱ्या काही एका सकाळी होत नाहीत. कणीक मळायची, लाटायची, तळायची, वांग्यांचे ढीग चिरायचे, पाणी, सरपण, भांडी बघायची, रांगा आखायच्या. पंचक्रोशीतल्या गावांतून माणसं येतात आणि हे काम करतात. त्याचे पैसे कुणी देत नाही, कुणी मागतही नाही. शुकदास महाराज २०१७ साली गेले, तरी सेवेकऱ्यांचं येणं थांबलेलं नाही.

महाप्रसादावर भक्तीच्या अंगानं भरपूर लिहिलं गेलंय. मला त्याकडे मैत्रीच्या अंगानं बघायचंय. चाळिशीतला, पन्नाशीतला माणूस, ज्याच्यामागे शेती आहे, दुकान आहे, शाळेची नोकरी आहे, घरात म्हातारं माणूस आहे, मुलीच्या फीचा हप्ता आहे, तो माणूस नवा मित्र कधी आणि कुठे जोडतो? आणि जुना टिकवतो कसा? या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर वांगी चिरायला बसलेल्या त्या घोळक्यात आहे. वय वाढलं की मैत्री फुरसतीवर जगत नाही. तिला हाताला काम लागतं आणि न चुकणारी तारीख लागते.

एरवी आपण काय करतो? लग्नात, दहाव्याला, एसटी स्टँडवर जुना सोबती भेटतो. आनंद खरा असतो. ‘बसू एकदा निवांत’ असं दोघंही मनापासून म्हणतात. मग सोयाबीनची सोंगणी येते, हरभऱ्याची पेरणी येते, परीक्षा येतात, ऑडिट येतं, आणि ते निवांतपण काही येत नाही. यात कुणी खोटं बोललेलं नसतं. ‘एकदा’ला तारीख नव्हती, एवढंच. शाळेत असताना मैत्रीसाठी कुणाला वेळ काढावा लागला नाही, कारण वेळ घंटेनंच ठरवलेली होती: त्याच बाकावर, त्याच पोरांबरोबर, वर्षाचे दोनशेच्या वर दिवस. शाळा सुटली आणि ती घंटाही सुटली. पुढे आपण स्वतःलाच दोष देतो की, आता पूर्वीसारखा जीव लावता येत नाही. जीव तोच असतो. घंटा नसते.

शाळेचा बाक काय करतो, हे अमेरिकेत कुणीतरी नीट मोजून पाहिलंय. लिऑन फेस्टिंजर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एमआयटीतल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोणाचं कोणाशी जमलं याची नोंद केली. ते पुस्तक १९५० साली आलं. स्वभाव, आवडीनिवडी यांच्यापेक्षा दारं किती जवळ, जिना कुठे, टपालपेट्या कुठे यांवरून मैत्री जास्त ठरत होती. जिन्याच्या पायथ्याशी राहणाऱ्याला वरच्या मजल्यावरचे लोक येता-जाता भेटत, म्हणून त्याची वरच्यांशीही ओळख होई. चाळीत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. सार्वजनिक नळ, पार, पिठाची गिरणी यांनी आपल्याकडे तेच काम केलं. नळ घरात आला, फार चांगलं झालं. बायकांच्या डोक्यावरचा हंडा उतरला याचं दुःख कुणी करू नये. पण नळाशी जी बोलणी व्हायची त्यांना दुसरी जागा कुणी दिली नाही, हेही खरं.

दुसरा हिशेब ताजा आहे. कॅन्सस विद्यापीठाच्या जेफ्री हॉल यांनी २०१८ साली मैत्रीला किती तास लागतात याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या गावी राहायला आलेले प्रौढ आणि महाविद्यालयात नुकतेच दाखल झालेले विद्यार्थी त्यांनी घेतले. ओळखीच्या माणसाचा साधा मित्र व्हायला साधारण ५० तास, मित्र व्हायला ९० तास आणि जवळचा मित्र व्हायला २०० तासांच्या वर. शिवाय, नुसते कामाच्या ठिकाणी शेजारी काढलेले तास फारसे उपयोगी पडत नाहीत, असंही त्यांना दिसलं.

ही शेवटची गोष्ट माझ्या म्हणण्याच्या आड येते, आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. काम मैत्री घडवतं असं मी म्हणतो. हॉल म्हणतात, कचेरीतल्या तासांनी मैत्री फारशी पुढे सरकत नाही. पण कचेरीचं काम आणि आश्रमातलं काम यांत फरक आहे. कचेरीत शेजारची खुर्ची आपण निवडलेली नसते. तिथे साहेब असतो, बढती असते, आणि तोंडातून निघालेला शब्द कुठपर्यंत जाईल याची धास्ती असते. वांगी चिरणाऱ्याला बढती नाही. शिक्षक, हमाल, सोसायटीचा संचालक, सलूनवाला एकाच ढिगाशी बसतात आणि तेवढे दिवस त्यांच्यात साहेब कुणीच नसतो. हात गुंतलेले, जीभ मोकळी. समोरासमोर खुर्च्या टाकून ‘बोला, काय चाललंय’ म्हटलं की आमच्याकडचा पुरुष ‘काही नाही, मजेत’ यापलीकडे जात नाही. तोच माणूस खाली बघून देठ काढता काढता सांगून टाकतो की, मोठ्याचं लग्न जमत नाही, दोन ठिकाणी मुलीकडच्यांनी शेती म्हटल्यावर नकार दिला. डोळ्याला डोळा भिडवायचा नसला की अवघड बोलणं सोपं होतं. पुरुषांच्या मैत्रीबद्दल एवढं जरी आपण ओळखलं, तरी पुष्कळ कोडी सुटतील.

एका वर्षात दोन-तीन दिवस म्हणजे वीस-पंचवीस तास. दहा वर्षांत दोनशे होतात. संथ हिशेब आहे, पण पन्नाशीच्या माणसाजवळ दहा वर्षं असतात. रोजचा तास त्याच्याजवळ नसतो.

पूर्वी असे तास शेतीच देत होती. सावड ही तिची रीत. तुझा एक बैल, माझा एक. जोडी झाली की आज तुझं वावर, उद्या माझं. निंदणी-मळणीत माणसांचंही तसंच. एकाच्या शेतात चार घरं राबायची, दुपारी बांधावर एकमेकांचं कालवण वाटून खायची आणि त्याची फेड पैशानं नाही, दिवसानं व्हायची. खळ्यावर रात्रीची राखण असायची. ज्वारीची रास, शेकोटी, उघडं आभाळ, आणि दोघं-तिघं जागत बसलेले. ती माणसं काही हौसेनं गप्पा मारायला जमत नव्हती. जमावंच लागत होतं. त्या लागण्यातून मैत्र उभं राहत होतं.

आता या पट्ट्यात सोयाबीन आहे. पेरणी ट्रॅक्टरनं, तण मारायला फवारणी, सोंगणी ठोक दरानं बाहेरच्या टोळीकडून, मळणी यंत्रातून, आणि काही वावरांत तर हार्वेस्टर एका दिवसात सगळंच उरकून जातं. माल थेट बाजार समितीत. खळं उरलं नाही, राखण उरली नाही, सावडही फारशी उरली नाही. हे मी गहिवरून सांगत नाही. बैलाच्या मागे दिवसभर चालणं काय असतं ते चालणाऱ्यालाच ठाऊक, आणि सावडीत भूमिहीन मजुराच्या वाट्याला मैत्रीपेक्षा राबणंच जास्त यायचं. पण वाचलेले दिवस शेतकऱ्यानं कुठे खर्च केले? बँकेच्या रांगेत, सातबाऱ्यासाठी तलाठ्याकडे, पीकविम्याच्या अर्जासाठी सेतू केंद्रावर, औषधाच्या दुकानात. ही सगळी कामं एकट्यानं करायची. शेतकऱ्याचं काम कमी झालं नाही. एकट्याचं झालं.

एकटेपणाची किंमत आता जगभर मोजली जातेय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं जून २०२५ मध्ये दिलेल्या अहवालात जगातला दर सहावा माणूस एकाकी आहे असं म्हटलं आणि वर्षाला ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला. आमच्या भागाला हा विषय अशा अहवालांतून कळायची गरज नव्हती. पश्चिम विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांची कारणं कर्ज, पाऊस आणि भाव ही आहेत. मित्र नव्हता म्हणून कुणी फास घेतला असं म्हणणं हा मेलेल्या माणसावर अन्याय होईल. पण कर्ज आहे हे बोलायला कुणी होतं की नव्हतं, याला महत्त्व आहे. राज्य सरकारनं २०१५ साली शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी प्रेरणा प्रकल्प सुरू केला. त्याच्या चौदा जिल्ह्यांत बुलढाणा आहे, आणि त्यात घरोघर जाऊन विचारपूस करण्याचं काम आशाताईंवर आहे. अमरावती जिल्ह्यात तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला, त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त आले. सुरुवातीला नैराश्य असलेल्यांपैकी ४.३ टक्के लोक मदत घेत होते, नंतर ते प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं.  फरक पडला तो गावातच फिरणारं, ओळखीचं, बोलायला येणारं माणूस मिळाल्यानं. हे काम मित्राचं आहे असं मी म्हणणार नाही, ते प्रशिक्षित माणसाचं आहे. पण दार वाजवणारं कुणीतरी असावं लागतं, एवढं दोन्हींत सारखं.

बायकांची गोष्ट वेगळी, आणि जास्त अवघड. पुरुषाची शाळा सुटते. बाईचं गावच सुटतं. भुलाबाईची गाणी जिच्याबरोबर म्हटली ती मैत्रीण लग्न होऊन लोणारकडे जाते, आपण चिखलीकडे. माहेरी दिवाळीला गेलं तर ती भाऊबीज करून आदल्या दिवशी परतलेली असते. सासरी नवी मैत्रीण करायची तर घराबाहेर पडायला कारण लागतं. ‘मैत्रिणीकडे जाऊन येते’ हे कारण अजूनही पुष्कळ घरांत चालत नाही. ‘गटाची मीटिंग आहे’ हे चालतं.

म्हणून बचत गटाकडे मी निव्वळ पैशाची सोय म्हणून बघत नाही. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, १९७५ पासून आहे, उमेद अभियान गेल्या दशकात गावोगाव पोचलं, आणि त्यांच्या कागदांत बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड यांचे रकाने आहेत. जे रकान्यात येत नाही ते असं: ठरलेला वार, ठरलेली वेळ, दहा-बारा बायका, हजेरी. एखादी आली नाही तर दंड, आणि दंडाआधी चौकशी. का आली नाही? सासू आजारी आहे की नवऱ्यानं हात उगारला? दहा-वीस रुपयांच्या दंडाच्या नावाखाली एका बाईच्या दाराशी नऊ बायका जाऊन उभ्या राहू शकतात. भिशीचंही तेच, हळदी-कुंकवाचंही तेच, आणि आश्रमात उत्सवाला पुऱ्या लाटायला जायचं तर विचारूच नका, कारण तिथे देवाचं काम आहे आणि देवाच्या कामाला नाही कोण म्हणणार? बायकांनी फार पूर्वीच ओळखलंय की, नुसत्या मैत्रीला परवानगी मिळत नाही, कामाला मिळते. जात्यावर पहाटे दोघी बसायच्या त्या दळणासाठी. पण हेमा राईरकर आणि गी पॉइतेव्हँ यांनी महाराष्ट्रभर फिरून ज्या लाखभर जात्यावरच्या ओव्या जमवल्या, त्यांत दळणाची गोष्ट थोडी आणि जिवाची गोष्ट फार.

ज्यांच्या नावानं हा उत्सव होतो त्या विवेकानंदांची एक मैत्री महाराष्ट्रातलीच आहे, आणि ती इथे सांगायलाच हवी. १८९२ साली मुंबईहून पुण्याला निघालेल्या गाडीत टिळक बसले होते. त्याच डब्यात एक संन्यासी चढला. पोचवायला आलेल्या गुजराती मंडळींनी ओळख करून दिली आणि पुण्यात यांची सोय आपल्याकडे करा अशी विनंती केली. टिळक छत्तिशीचे, ‘केसरी’ आणि ‘मराठा’च्या व्यापात बुडालेले, संन्यासी एकोणतीस वर्षांचा, जवळ पैसा नाही. नाव विचारलं तर म्हणाला, मी संन्यासी आहे. विंचूरकर वाड्यात तो आठ-दहा दिवस राहिला. दोघांची वेदान्तावर, गीतेवर बोलणी झाली. हिराबागेतल्या डेक्कन क्लबच्या सभेला टिळक त्याला घेऊन गेले आणि तिथे तो बोललाही. मग एक दिवस निघून गेला.

पुढच्या वर्षी शिकागोची सर्वधर्मपरिषद झाली. विवेकानंद कीर्ती घेऊन परतले तेव्हा टिळकांनी वर्तमानपत्रात त्यांचं चित्र पाहिलं आणि चेहरा ओळखीचा वाटला. त्यांनी पत्र लिहून विचारलं, माझ्याकडे राहिलेले ते आपणच का? स्वामींचं उत्तर आलं: होय, मीच. ते पत्र आज नाही. टिळकांवरच्या १८९७च्या खटल्यानंतर इतर कागदांबरोबर ते नष्ट झालं असावं असं टिळकांनी आठवणींत लिहून ठेवलंय. १९०१च्या अखेरीस कलकत्त्याच्या काँग्रेसला गेल्यावर टिळक बेलूर मठात गेले. तिथे चहा घेता घेता स्वामी थट्टेनं म्हणाले की, तुम्ही संन्यास घेऊन बंगालमध्ये माझं काम करा, मी महाराष्ट्रात जाऊन तेच करतो. माणसाचं आपल्या मुलखापेक्षा दूरच्या मुलखात जास्त चालतं. पुढच्या जुलैत विवेकानंद गेले.

नऊ वर्षांत दोनच भेटी, आणि मधे पत्रं. तरी एकमेकांच्या मुलखांची अदलाबदल सुचावी इतकी जवळीक होती. मला ती त्या आठ-दहा दिवसांची कमाई वाटते. एका छपराखाली राहणं, एकत्र जेवणं, कामाला निघताना पाहुण्याला बरोबर घेणं. टिळकांनी त्याच्यासाठी काम बाजूला ठेवल्याचं दिसत नाही. सभेला जायचंच होतं, त्यालाही नेलं. कामाच्या माणसाला मैत्रीचा हाच रस्ता जमण्यासारखा आहे. मित्रासाठी वेगळा दिवस निघत नसेल तर जो दिवस आहे त्यात त्याला घ्यावं. आडतीवर माल घालायला जाताना शेजारच्याला ‘चाल, गाडीत जागा आहे’ म्हणावं.

पण शेजारीच गावात नसेल तर? मेहकर परिसरातून पुण्याकडे गेलेल्यांची संख्या मोठी आहे. चाकण, रांजणगाव, हिंजवडी; कंपनीतली पाळी, भाड्याची खोली, रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं सणाला गाव. समृद्धी महामार्ग मेहकरजवळून जातो, आता मुंबईही जवळ आली. रस्त्यानं माणूस लवकर पोचतो हे खरं, पण तेवढाच लवकर परतही फिरतो. पूर्वी आलेला पाहुणा मुक्काम करायचा, कारण शेवटची एसटी गेलेली असायची. आता गाडी दारात उभी असते आणि चहाचा कप खाली ठेवला की किल्ली हातात येते. मुक्काम गेला तशी रात्रीची बोलणीही गेली. महामार्ग आला म्हणून नाराज व्हायचं कारण नाही, पण मुक्काम आता मुद्दाम करावा लागेल हे लक्षात घ्यायला हवं.

गाव सोडून गेलेल्या याच पिढीनं दहावीच्या तुकडीचे व्हॉट्सॲप गट काढले आणि पंचवीस वर्षांनंतरचे स्नेहमेळावे भरवले. गुरुजींना शाल-श्रीफळ, वर्गात बसून हजेरी, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. हे मेळावे व्हावेत. पण ज्या गटांत नंतर काहीतरी काम निघालं तेच गट जिवंत राहिलेले दिसतात: शाळेला रंग, एखाद्या वर्गमित्राच्या मुलाची फी, कुणाच्या शस्त्रक्रियेसाठी वर्गणी, स्मशानभूमीत झाडं. जिथे नुसत्या आठवणी होत्या, तिथे वर्षभरात शुभ सकाळची फुलं उरली. आठवणींचा साठा ठरावीक असतो. मास्तरांच्या छडीची गोष्ट किती वेळा सांगणार? नवी गोष्ट घडायला नवं काम पाहिजे.

मोठ्या माणसांच्या मैत्रीतही हेच दिसतं. मुर्तिजापुरात १९२० साली जन्मलेले गायक वसंतराव देशपांडे उमेदीची कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात कारकुनी करत होते. दिवसा खातेवही, रात्री गाणं. पु. ल. देशपांडे यांच्याशी त्यांची आयुष्यभराची मैत्री महाराष्ट्राला पाठ आहे, पण ती कशावर उभी होती हे आपण विनोदी किश्शांच्या नादात विसरतो. वसंतराव गात आणि पु. ल. पेटीवर साथ करत. साथ करणं हे काम आहे. त्यात समोरच्याचा श्वास ऐकावा लागतो.

उलट बाजूनं जी. ए. कुलकर्णी आणि सुनीताबाई देशपांडे. जी. ए. धारवाडला, माणसांपासून लांब राहणारे. दोघांच्या प्रत्यक्ष भेटी मोजक्याच. मैत्री झाली ती पत्रांतून. सुनीताबाईंची पत्रं पुढे ‘प्रिय जी. ए.’ या नावानं पुस्तकरूपात आली. इथे ना एक छप्पर, ना एक चूल. पण पत्र लिहिणं हेही बसून, वेळ देऊन, हातानं करायचं काम होतं, आणि समोरून आलेल्या पत्राचं उत्तर देणं लागत होतं. म्हणून दूर गेलेल्या मित्राचं काहीच होऊ शकत नाही असं मी मानत नाही. महिन्याच्या ठरलेल्या रविवारी ठरलेल्या वेळी फोन, दोघांनी एकच पुस्तक वाचणं, एकाच्या मुलाचं गणित दुसऱ्यानं फोनवर घेणं, असं काहीही चालेल. ‘आठवण आली की करतो’ हे मात्र चालत नाही. आठवण येते, पण नेमकी गाडी चालवताना येते.

पंगतीबद्दल एक कठीण गोष्ट बोलायची राहिली आहे. महाप्रसादाच्या रांगेत कोण कुणाशेजारी बसलं हे कुणी विचारत नाही. जिथे पंगतीतल्या जागेवरून माणसाची पायरी ठरवली जाई त्या मुलखात हे मोठंच काम आहे. पण रानातल्या पंगतीत शेजारी बसणं आणि एकमेकांच्या स्वयंपाकघरात बसणं यांत अजून अंतर आहे. गावाकडची बहुतेक मैत्री आपापल्या भावकीत, आपापल्या वस्तीतच फिरते. उत्सवात बरोबर वांगी चिरली, आणि संक्रांतीच्या तिळगुळाला मात्र पावलं आपल्याच गल्लीत वळली, असं होतं. आपल्या गोंदिया-गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगडात यावर एक जुनी रीत आहे. दोन माणसं, बहुतेकदा वेगळ्या जातीची, विधिपूर्वक मितान होतात. जगन्नाथाचा महाप्रसाद, गंगाजल, भोजलीची रोपं यांतलं काहीतरी एकमेकांना देतात आणि पुढे आयुष्यभर नावानं हाक न मारता त्या वस्तूच्याच नावानं मारतात: महाप्रसाद, गंगाजल, भोजली. मग दोन्ही घरं नात्यात येतात. लग्नाला, मर्तिकाला, अडल्या वेळी धावून जावंच लागतं. मैत्री मनावर सोडलेली नाही, तिला बंधन दिलंय. आमच्याकडे अशी रीत नाही, आणि आता ती उसनी आणून रुजणारही नाही. पण उत्सवात शेजारी राबलेल्या दोन घरांनी वर्षातून एकदा तरी एकमेकांकडे जेवायचं, एवढं ठरवायला विधी लागत नाही.

सेवेची ही पद्धत एकट्या हिवरा आश्रमाची नाही. शेगावच्या गजानन महाराज संस्थानात सेवेकरी पाळीपाळीनं येतात. आषाढीहून परतणारी महाराजांची पालखी लोणार, मेहकर, जानेफळ या वाटेनं जाते तेव्हा वाटेवरची गावं चहा, जेवण, मुक्काम सांभाळतात, आणि ठरलेली माणसं ठरलेल्या जागी भेटतात. अशा घोळक्यांची मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे, त्यांना माणसाची उणीव कळते. दरवर्षी कढईशी असणारा गडी यंदा दिसला नाही की विचारणा होते. त्याच्या गावचा कुणी सापडतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं कळतं, किंवा त्याहून वाईट काही. मग परतताना वाट वाकडी करून दोघं-तिघं त्याच्या घरी जातात. मोबाइलमधल्या हजार नावांपैकी एक नाव वर्षभर गप्प असलं तर कुणाच्या ध्यानात येत नाही, कारण त्या यादीत त्याची जागा ठरलेली नव्हती. कढईशी ठरलेली होती.

दिवाळीत नवं कॅलेंडर घरात येतं. पुण्या-मुंबईचे आपले लोक त्यात सप्तमी बघतात, रजेचा अर्ज टाकतात, रात्रीच्या गाडीनं येतात, पंगतीत जेवतात आणि संध्याकाळी परत फिरतात. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की, एक दिवस आधी या. बरोबर असा एक जण आणा, ज्याला तुम्ही बरेच दिवस ‘बसू एकदा’ म्हणत आला आहात. चिरायला वांगी भरपूर असतात, लाटायला कणीक त्याहून जास्त असते, आणि आलेल्या माणसाला तुम्ही कोण, कुठले हे विचारण्याआधी तिथे काम दिलं जातं. रात्री मुक्काम करा. सतरंजी मिळते, थंडी फार असते, पांघरूण घरून आणलेलं बरं.